अंगणातील रानभाज्या

मृगाचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस होतात न होतात, तोच आमच्या नागपुरात एक नवल घडते. मे महिन्याच्या उन्हाने जी जमीन तव्यासारखी तापलेली असते, जिच्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, ती पाहता पाहता हिरवी होऊन जाते. कोणी नांगर धरलेला नसतो, कोणी बी पेरलेले नसते. तरी कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या काठाशी, क्रीडांगणाच्या कोपऱ्यात इवली इवली रोपे दाटीवाटीने माना वर काढतात. आपण त्यांना सरसकट 'तण' म्हणतो आणि खुरपे घेऊन उपटून टाकतो. परंतु ह्या तणांपैकी काहींना आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकघरात मानाचे स्थान होते. आजही ज्यांच्या घरी त्यांची ओळख टिकून आहे, त्यांच्या ताटात ती पावसाळाभर दिसतात. अशा काही वनस्पतींची ओळख तुम्हांला करून द्यावी, म्हणून हा लेख लिहीत आहे.

ही ओळख मला पुस्तकांनी करून दिली नाही. मराठी विषय घेऊन मी एम.ए. झालो, कितीतरी वनस्पतींची नावे मला काव्यांतून पाठ होती, परंतु ते पान माझ्या पायाखाली आले असते, तर मला ओळखता आले नसते. ज्यांनी मला शिकविले, त्या आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या एक बाई होत्या. सगळी मुले त्यांना मावशी म्हणत, आणि पुढे मीही म्हणू लागलो.

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. शाळेची वार्षिक तपासणी जवळ आली होती. पटांगण स्वच्छ दिसावे म्हणून कडेचे सगळे तण काढून टाकण्यास मी सांगितले. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो निम्मे पटांगण साफ झालेले आणि पूर्वेकडची एक पट्टी तशीच राखलेली! मी मावशींना जरा रागानेच कारण विचारले. त्या म्हणाल्या, "सर, हा तरोटा हाय. लय कोवळा हाय. कायले फेकता? दोन दिस राहू द्या, मी खुडून नेतो."

वऱ्हाडाकडच्या बायका बोलताना 'मी नेतो, मी करतो' असे म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. तरोटा मला ओळखू आला नव्हता, असे नाही. नेमके तेच एक पान मला पक्के ठाऊक होते, आणि मला त्याची ओळख दाखवावयाची नव्हती. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मी सातव्या वर्गात होतो. आमचे खेडे बुलढाणा जिल्ह्यात, मराठवाड्याच्या सीमेला लागून. त्या वर्षी सुरुवातीच्या दोन-चार सरींवर शेतात पीक उभे राहिले नाही. तरोटा मात्र उगवला. घरात ज्वारी नव्हती. शिधावाटपाच्या दुकानात परदेशातून आलेला मिलो नावाचा लाल जोंधळा मिळे. त्याची भाकरी आणि तरोट्याची भाजी आई माझ्या फडक्यात बांधून देत असे. मधल्या सुटीत इतर मुलांपासून दूर, शाळेच्या मागच्या भिंतीआड बसून मी ती खात असे. तरोटा ही गरिबाची भाजी. ती आपल्या डब्यात आहे हे कोणाला कळू नये, असे मला वाटे. पुढे नोकरी लागली, शहरात घर झाले, आणि मग तरोटा मी कधी घरात आणू दिला नाही. मावशींच्या त्या एका वाक्याने चाळीस वर्षांपूर्वीची ती भिंत माझ्यापुढे पुन्हा उभी राहिली. पूर्वेकडची पट्टी मी तशीच राहू दिली. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात सातव्या वर्गाच्या मुलांना घेऊन मी मावशींच्या मागोमाग पटांगणात गेलो. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात आमचा हा तास झाडाखाली भरत असे.

तरोटा ओळखणे तसे अवघड नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच टाकळा म्हणतात. त्याचे पान एकसंध नसते; एका देठावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाला रुंद, गोलसर. चुरगळली असता उग्र वास येतो. सायंकाळी जाऊन पाहा. समोरासमोरच्या पर्णिका एकमेकींना चिकटून मिटलेल्या दिसतील, जणू झाडाने हात जोडले आहेत. पाऊस पुढे सरकला, की पिवळी फुले येतात आणि मग लांब, बारीक, कोयत्यासारख्या वाकलेल्या शेंगा धरतात. भाजीसाठी मात्र फुले येण्यापूर्वीचा अगदी कोवळा पालाच घ्यावयाचा. पान जून झाले, की ते कडवट लागते. संस्कृतात ह्या झाडाला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्न असेही एक नाव आहे. दद्रू म्हणजे गजकर्ण. त्या त्वचारोगाचा नाश करणारा तो दद्रुघ्न. आपल्या पूर्वजांनी औषध म्हणून त्याची पारख केली होती, हे ह्या एका शब्दावरून समजते. त्याचे बी भाजून कॉफीऐवजी वापरण्याचीही काही ठिकाणी रीत आहे.

मावशी तरोटा कसा करीत, तेही सांगतो. कोवळे शेंडे नखाने खुडावयाचे, दोन-तीन पाण्यांनी धुवावयाचे, आणि उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळावयाचे. त्यामुळे त्याचा उग्रपणा जातो. मग कढईत तेलावर लसूण, कांदा आणि मिरची परतून, भिजविलेली चण्याची डाळ घालून त्यात तो चिरलेला पाला शिजवावयाचा. सोबत ज्वारीची भाकरी. मुलांनी ती भाजी खाल्ली, आणि मीही कित्येक वर्षांनी खाल्ली. चव काही बदललेली नव्हती.

तरोट्याच्या शेजारी जमिनीला बिलगून पसरलेली घोळ मुलांना फार आवडे. तिची खोडे लालसर आणि रसाने भरलेली, पाने चमच्याच्या आकाराची, जाड आणि गुळगुळीत. सकाळच्या उन्हात तिची चिमुकली पिवळी फुले उमलतात. घोळ उपटून उन्हात टाकली, तरी ती लवकर मरत नाही. खोडात साठविलेल्या पाण्यावर दिवसचे दिवस तग धरते, आणि एखादी सर आली, की पुन्हा मूळ धरते. पाण्याचा तुटवडा पडला, म्हणजे ही वनस्पती दिवसा आपल्या पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कर्बवायू आत साठविते. दिवसा दार लावून काटकसरीने राहणारी ही गृहिणीच म्हणावयाची!

ह्या घोळीचीच एक धाकटी बहीण म्हणजे चिवळ. तिची पाने अगदी बारीक असतात. विदर्भातल्या मुलांना तिच्याविषयी अधिक सांगावयास नको. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा नागपूरचा पारा 45 अंशांच्या घरात असतो आणि बाजारातल्या पालेभाज्या दुपारपर्यंत कोमेजून जातात, तेव्हा चिवळीचे हिरवेगार ढीग भाजीबाजारात दिसतात. मुगाची डाळ घालून केलेली तिची भाजी उन्हाळ्यात थंड म्हणून आवडीने खाल्ली जाते.

स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्याने 1753 साली वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. त्यात त्याने घोळीला 'पोर्टुलाका ओलेरासिया' असे नाव दिले. ह्यातील दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'भाजीसाठी उपयोगी' असाच आहे. म्हणजे ज्याला आपण तण म्हणून फेकून देतो, त्याच्या नावातच शास्त्रज्ञांनी भाजी लिहून ठेविली आहे. ग्रीस, तुर्कस्तान, मेक्सिको ह्या देशांत लोक घोळ आवडीने खातात. माशांच्या तेलासाठी जी स्निग्ध द्रव्ये प्रसिद्ध आहेत, त्यांच्याच ओमेगा-3 ह्या गटातील एक द्रव्य घोळीच्या पानांत पालेभाज्यांच्या मानाने पुष्कळ असते, असे आहारशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. परंतु तिच्यात ऑक्झॅलिक आम्लही बरेच असते. म्हणून ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी ती खाऊ नये; आणि इतरांनीही रोजच्या रोज वाटीभर खाण्याची वस्तू ती नव्हे.

घोळ खुडताना एक गोष्ट कधीही विसरू नका. तिच्याच शेजारी, तिच्याचसारखी जमिनीला चिकटून वाढणारी दुधी नावाची तणे असतात. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. शंका आली, की खोड मोडून पाहावे. पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. ती टाकून द्यावी आणि हात स्वच्छ धुवावेत. घोळीच्या खोडातून नितळ पाणी निघते. ही परीक्षा मावशींनी आम्हांला पहिल्याच दिवशी शिकविली. मुलांनी तेवढ्या वेळात पटांगणातली निम्मी रोपे मोडून पाहिली, हा भाग वेगळा.

केना तुम्ही पाहिला असेलच. ओलसर सावलीत वाढणारे हे रोप सकाळी सुंदर निळी फुले मिरविते. दुपार होताच ती मिटून जातात. त्याच्या कोवळ्या पानांची भजी छान होतात. ह्या कुळाला लिनियसने 'कमेलिना' हे नाव दिले, त्याची कथा मोठी मौजेची आहे. हॉलंडमध्ये कमेलिन नावाच्या घराण्यात तीन वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांपैकी दोघांनी कीर्ती मिळविली. तिसरा मात्र काही करून दाखविण्यापूर्वीच वारला. ह्या फुलाच्या तीन पाकळ्यांपैकी दोन मोठ्या आणि उठावदार असतात, तिसरी लहान आणि फिकट. ते पाहून लिनियसला ते तिघे आठवले! केन्याची आणखी एक युक्ती शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक असते. तो जमिनीवर फुलतो तसाच जमिनीखालीही फुलतो. मातीच्या आत त्याला न उमलणारी फुले येतात आणि तेथल्या तेथे बी धरते. त्यामुळे वरचे रोप कितीही खुरपले, तरी पुढच्या वर्षी केना हजर! कपाशीच्या शेतात खुरपणाऱ्या बायका त्याला का कंटाळतात, हे तुमच्या ध्यानात येईल.

पुनर्नवा हे नाव किती अर्थपूर्ण आहे! पुन्हा नवी होणारी ती पुनर्नवा. आमच्या भागात तिला खापरखुटी म्हणतात. इतरत्र घेटुळी किंवा वसू म्हणतात. उन्हाळ्यात ती वरून पार वाळून जाते, परंतु जमिनीतले तिचे जाड मूळ जिवंत असते. पहिल्या पावसाबरोबर त्या मुळातून नवे धुमारे फुटतात. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. शाळेत संस्कृत शिकविताना 'पुनर्' आणि 'नव' ह्यांचा संधी मी अनेकदा फळ्यावर सोडवून दाखविला होता. पण तो मला खऱ्या अर्थाने उलगडला, तो मावशींनी मातीतले मूळ उकरून दाखविले तेव्हा.

आंबुशीची तीन हृदयाकार पानांची चांदणी तर तुम्ही चाखूनही पाहिली असेल. ती आंबट लागते, आणि वरणात घातली म्हणजे चिंचेची गरज उरत नाही. तिच्या पिकलेल्या शेंगेला बोट लावताच ती फुटून बिया दूर उडवते. काटेमाठ, तांदुळजा, आघाड्याची कोवळी पाने, ह्यांचीही नावे घेता येतील. कुंपणावर चढणारा काटवलाचा वेल, ज्याला इतरत्र करटोली म्हणतात, तो शहरात क्वचितच दिसतो. श्रावणात बाजारात मात्र काटवले येतात आणि त्यांचा भाव ऐकून आश्चर्य वाटते. जी भाजी एके काळी रानातून फुकट येई, ती आता श्रीमंताच्या ताटातली झाली आहे! अलीकडे राज्याच्या कृषी विभागातर्फे पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. तेथे तरोट्यासमोर लोकांची गर्दी पाहिली, की मला भिंतीआड बसलेल्या त्या मुलाची गंमत वाटते, आणि थोडे वाईटही वाटते.

आपल्या सणांतही ही ओळख जपलेली आहे. भाद्रपद महिन्यात ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या कष्टाने पिकविलेले धान्य खावयाचे नाही, अशी व्रताची रीत आहे. त्या दिवशी परसातल्या आणि आपोआप उगवलेल्या भाज्या एकत्र करून जी भाजी करतात, तिला ऋषीची भाजी म्हणतात. वर्षातून एकदा तरी घरातल्या मुलींना आणि सुनांना ही पाने ओळखून खुडावी लागत. त्यामुळे ते ज्ञान आपोआप पुढे जात असे. परंतु इथेच एक सावधगिरीची सूचना करून ठेवतो. गणेशचतुर्थीला आपण जी पत्री वाहतो, तिच्यात दूर्वा आणि आघाडा असतो, तसा धोतराही असतो. धोतऱ्याचे बी, पान, फूल, सर्वच विषारी आहे. देवाला वाहिलेले प्रत्येक पान माणसाने खावे असा त्याचा अर्थ नव्हे.

आता मला माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहिले पाहिजे.

आमचा तास सुरू झाल्याचे ते दुसरे वर्ष होते. रानभाज्यांच्या गुणवर्णनात मी इतका रंगून गेलो होतो, की काय खावे हे मी भरभरून सांगितले. काय खाऊ नये, हे सांगण्यास मात्र मी 'पुढच्या तासाला' असे म्हणून थांबलो. त्याच दिवशी मधल्या सुटीत एका मुलाने कुंपणातल्या झुडपाची फळे फोडून आतल्या तीन-चार बिया खाल्ल्या. ते झुडूप मोगली एरंडाचे होते. त्यालाच चंद्रज्योत असेही म्हणतात. जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून त्याची कुंपणे करतात. त्याची बी शेंगदाण्यासारखी गोडसर लागते, आणि तेच तर खरे संकट! तासाभरात तो मुलगा ओकाऱ्यांनी हैराण झाला. त्याला रिक्षात घालून आम्ही रुग्णालयात नेले. वाटेत तो मला क्षीण आवाजात म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणाले होते ना, आपोआप उगवलेलं खाता येतं." मी तसे म्हणालो नव्हतो; पण त्याने तसे ऐकले होते, आणि अर्धवट शिकविणाऱ्याला ह्यापुढे बोलण्यास जागा नसते. डॉक्टरांनी त्याला शिरेतून सलाइन दिले. रात्रभर त्याची आई आणि मी बाकावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठून बसला. ती माउली मला एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती, तर मला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून तासाचा क्रम मी उलटा केला. आधी विषारी वनस्पतींची ओळख, मग खाण्याच्या वनस्पतींची. तुम्हीही तोच क्रम ठेवा. धोतरा, मोगली एरंड, साधा एरंड, कण्हेर, आणि लाल-काळ्या मण्यांसारखी दिसणारी गुंज, ही झाडे घराजवळ असतात, दिसावयास सुंदर असतात, आणि घातक असतात. गाजरगवताची पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात. 1955 च्या सुमारास ते पुण्याकडे प्रथम आढळले आणि आता देशभर पसरले आहे. ते खाण्याचे तर नव्हेच. नुसत्या स्पर्शानेही पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. भूछत्रांच्या वाटेस मुलांनी जाऊच नये. गडचिरोली-भंडाऱ्याकडून येणाऱ्या सात्या कितीही रुचकर असल्या, तरी त्या ओळखणे हे जन्म रानात गेलेल्यांचे काम आहे.

तरोट्याचा एक चुलतभाऊ आहे, त्याच्याविषयी अधिक विस्ताराने सांगणे अवश्य आहे. त्याचे नाव कासविंदा. तोही पावसात उगवतो, त्यालाही पिवळी फुले येतात, आणि पुष्कळदा तो तरोट्याच्याच शेजारी उभा असतो. परंतु त्याच्या पर्णिका टोकाला निमुळत्या असतात आणि बहुधा चार-पाच जोड्या असतात. आणखी एक सूक्ष्म खूण आहे. तरोट्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी एक ग्रंथी असते. कासविंद्यात ती देठाच्या अगदी बुडाशी असते. ही खूण पाहण्यासाठी आम्ही भिंगाचा उपयोग करीत असू. एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात कित्येक वर्षे हिवाळ्याच्या सुमारास लहान लहान मुले एकाएकी आजारी पडत. ओकाऱ्या होत, मूल बरळू लागे, बेशुद्ध होई, आणि दोन-चार दिवसांत अनेक मुले दगावत. हा मेंदूचा साथीचा ताप असावा, असे सर्वांना वाटे. बिजनौर येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या घरी चौकशी केली, तेव्हा ही मुले खेळताना कासविंद्याच्या शेंगा खात होती, असे दिसून आले. 2007 साली त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. साथ नव्हती, विषाणू नव्हता. गावाच्या उकिरड्यावर वाढलेले एक झुडूप, आणि ते ओळखू न शकणारी भुकेली किंवा खेळकर मुले!

म्हणून आमच्या तासाला एक शपथच होती: जाणत्या माणसाने पान हातात घेऊन "हे तेच" असे म्हटल्यावाचून कोणी काहीही तोंडात घालावयाचे नाही. पुस्तकातले चित्र हा जाणता माणूस नव्हे. हा लेखही नव्हे. तुमच्या घरी किंवा शेजारी अशी एखादी आजी, काकू, मावशी असेल, तिला विचारा. नवी भाजी प्रथम खाताना ती शिजवून आणि घासभरच खावी, म्हणजे सोसते की नाही ते कळते. आणि एकच पान नव्हे, तर पान, खोड, फूल, वास, वाढण्याची रीत, ह्या सगळ्या खुणा जुळाव्या लागतात. माणूसही आपण नुसत्या नाकावरून ओळखत नाही.

कोठून खुडावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सांडपाण्याच्या नालीकाठची घोळ कितीही तजेलदार दिसली, तरी ती घेऊ नये. मोटारींच्या धुराने माखलेला रस्त्याचा कडेला भाग, कुत्र्या-मांजरांची येजा असलेला कोपरा, आणि जेथे तणनाशक फवारले असेल ती जागा, ही सर्व वर्ज्य. आपले अंगण, परसू किंवा परिचित शेताचा बांध एवढेच बरे. शेत दुसऱ्याचे असेल, तर विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. खुडताना शेंडे तेवढे खुडावेत. मूळ राहू द्यावे, आणि काही रोपे बी धरण्यासाठी सोडून द्यावीत. मावशी तरोट्याच्या प्रत्येक झुडपाचे दोन-तीन शेंडेच घेत. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "समदा आपणच खाल्ला, तर पुढच्या साली काय खाऊ?"

मुलांनी अशी पाने गोळा करण्याने राष्ट्राला मदत झाल्याचेही उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला संत्री मिळेनाशी झाली. संत्र्यांच्या नागपुरात राहणाऱ्या आपल्याला ती अडचण समजणे कठीण. परंतु संत्र्यांतून मिळणारे क जीवनसत्त्व न मिळाल्यास लहान मुलांचे आरोग्य बिघडते. तेव्हा 1941 सालापासून तेथील सरकारने रानगुलाबाची फळे गोळा करविण्यास आरंभ केला. शाळेतली मुले पिशव्या घेऊन कुंपणाकुंपणांतून हिंडली, आणि त्या फळांचा पाक करून तो बालकांना देण्यात आला. कुंपणात औषध आहे, हे तिथल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. सरकारला ते युद्धाने शिकविले.

निवृत्तीनंतर मी नागपुरातच राहतो. आमच्या वस्तीत आता रस्ते सिमेंटचे झाले आहेत आणि बहुतेकांच्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसले आहेत. चिखल होत नाही, झाडावयास सोपे जाते, हे खरे. माझ्याही घरी गट्टू बसविण्याचा मुलांचा आग्रह होता. मी कुंपणाच्या कडेने दोन हात रुंदीची माती तेवढी मोकळी ठेवून घेतली. गेल्या पावसाळ्यात तेथे तरोटा आला, केना आला, आणि आमंत्रण नसताना गाजरगवतही आले. माझी नात सहाव्या वर्गात आहे. हातमोजे घालून तिने आधी गाजरगवत उपटले, मग माझे जुने भिंग घेऊन ती तरोट्यापाशी उकिडवी बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी ओसरीवरून विचारले, "काय गं, सापडली का गाठ?"

"थांबा ना आजोबा," ती म्हणाली, "अजून दोन झाडं बघायची राहिली आहेत."